बोलेरोले २३५ चे टायर टाकू का? (कंपनीचे २१५/७५ आर१५ आहेत)

पांदणवाला

राम राम मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं (खारट पाण्याच्या काळ्या जमिनीचा भाग). गाडी बोलेरो, कंपनीचा साइज २१५/७५ आर१५. चारही टायर गोटा व्हायला आले आहेत, मिरगाच्या आत बदलायचे आहेत.

टायरवाला म्हणते, "भाऊ, २३५/७५ टाका. त्याच रिमवर बसते, गाडी उचलते, चिखलात फसत नाही." मोह होऊन राह्यला, खोटं कायले बोलू. डांबरीपासून वावरापर्यंत माझी दीड-दोन किलोमीटरची पांदण आहे. खडीकरण मंजूर आहे म्हणतात, खडी काही दिसली नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी चाकोऱ्या खोल पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासते. एकदा पाऊस लागला की गाडी डांबरीवर उभी करून पायी जा.

पण हीच गाडी महिन्यातून एखाद्या वेळी कारंज्यावरून समृद्धीनं नागपूरलेही जाते. म्हणून विचारतो, टायर मोठं केल्यानं ॲव्हरेज, मीटर, ब्रेक, स्टेअरिंग यावर नेमका काय परिणाम होते? "टाका" किंवा "नका टाकू" एवढंच सांगू नका, कारणासहित सांगा.

अकोटचा_खटपट्या

टाका बिनधास्त. दिसायले एकदम तगडी दिसते गाडी. आमच्याइकडे अर्ध्याअधिक बोलेरोवाल्यांनी टाकले आहेत, कोणाचं काही बिघडलं नाही.

चाकमोजे

"कोणाचं काही बिघडलं नाही" म्हणजे कोणी काही मोजलं नाही. आपण मोजू, कागद-पेन घ्या.

२१५/७५ आर१५ मधला २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटर नाही, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. घोळ इथंच होतो. लोकांना वाटतं २१५ चं २३५ केलं म्हणजे फक्त रुंदी वाढली. भिंत रुंदीच्या टक्क्यात असल्यामुळे रुंदी वाढली की उंचीही आपोआप वाढते.

तुमचं आत्ताचं टायर: भिंत २१५ च्या ७५ टक्के, म्हणजे १६१.२५ मिमी. वर आणि खाली मिळून ३२२.५. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. एकूण व्यास ७०३.५ मिमी.

नवं टायर: भिंत १७६.२५, दोन्हीकडची मिळून ३५२.५, अधिक ३८१. एकूण ७३३.५ मिमी.

व्यास ३० मिमीने वाढला, म्हणजे सव्वाचार टक्के. गाडी किती उचलली? ३० मिमी नाही, त्याच्या निम्मी, कारण धुरा चाकाच्या मध्यावर असतो. दीड सेंटिमीटर! तुमच्या पांदणीचा उंचवटा दीड सेंटिमीटरनं हुकत असेल तर टाका.

पांदणवाला

दीडच सेंटिमीटर? टायरवाला तर बोटं पसरून वीतभर दाखवत होता. 😀

चाकमोजे

टायरवाल्यांची वीत वेगळी असते. आता मीटर. मीटरला गाडी दिसत नाही, त्याला फक्त चाकाचे किंवा गिअरबॉक्सचे फेरे कळतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढे गेली ते कंपनीनं जुन्या टायरवरून ठरवून दिलेलं आहे. तुमचं चाक पूर्वी एका फेऱ्यात साधारण २.२१ मीटर जायचं, आता २.३० जाईल. म्हणून मीटरवर ६० दिसेल तेव्हा पूर्वीच्या हिशेबानं तुम्ही साडेबासष्टच्या वर असाल, १०० दिसेल तेव्हा १०४.

यात एक गोम आहे. कंपन्या मीटर मुळातच थोडं चढं ठेवतात. मीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, असा नियम आहे. थोडा जास्त दाखवला तर चालतो. त्यामुळे काही गाड्यांमध्ये टायर मोठं केल्यावर मीटर उलट खऱ्याच्या जवळ येतं. पण तुमच्या गाडीचं मीटर मुळात किती चढं आहे ते पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. समृद्धीवर मोबाइलच्या जीपीएसवर वेग लावा, मीटर एकसारखं ८० वर धरा आणि शेजारच्या माणसाला दोन्ही आकडे वाचायला सांगा. स्वतः वाचू नका.

मोरणाकाठ

ॲव्हरेजचं मी सांगते, कारण आमच्या घरी यावरून भांडण झालेलं आहे. दिरांनी टायर मोठे केले आणि महिनाभर "गाडी डिझेल प्यायला लागली" म्हणून पंपवाल्याला शिव्या. अर्धा दोष मीटरचा होता. गाडी खरी ४१७ किलोमीटर चालते तेव्हा मीटर ४०० च दाखवतं. तुम्ही ४०० ला लिटरनं भागता, ॲव्हरेज आपसूक कमी निघतं. आधी किलोमीटरला १.०४ नं गुणा, मग पंपवाल्याचं नाव घ्या.

उरलेला अर्धा दोष खरा असतो. जड टायर फिरवायला ताकद लागते, रुंद टायर रस्त्याला जास्त घासतं.

आणि हो, सर्व्हिसिंगचे किलोमीटरही मागे राहतात. मीटरनं दहा हजार म्हटलं तेव्हा गाडी दहा हजार चारशेवर गेलेली असते.

गॅरेज_मूर्तिजापूर

मी गॅरेजवाला माणूस, हिशेब कच्चा, पण गाडीच्या खाली झोपून जे दिसते ते सांगतो.

बोलेरोले २३५ टाकलं की पह्यली तक्रार येते, "फुल कट मारला की टायर घासते." पुढच्या चाकाचं टायर वळताना आतल्या बाजूनं फेंडरच्या प्लास्टिकला नाही तर चेसीकडच्या बाजूला लागते. रिकाम्या गाडीत लागत नाही. गाडीत सात-आठ जण बसले, पुढचा खड्डा आला, त्यात स्टेअरिंग पूर्ण कापलेलं असलं की लागते. टायरच्या खांद्यावर चमकदार पट्टा पडतो, तो बोटानं चाचपून पाहा. दुकानात गाडी उभी असताना सगळे म्हणतात बसलं. बसते हो, प्रश्न वळतानाचा आहे.

दुसरी गोष्ट, रिम. कित्येक लोक रुंद टायरसोबत बाहेर निघालेले अलॉय लावतात. चाक बाहेर गेलं की सगळा भार बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर वेगळ्या कोनातून येते. स्टेअरिंग हाताला झटके देते. मंग आमच्याकडे येतात, "बेअरिंग पुन्हा गेलं, तुम्हीच नीट बसवलं नसन." बाप्पा, बेअरिंगचा काय दोष?

रिम न बदलता टायर रुंद करायचं असन तर टायर कंपनीच्या तक्त्यात पाहा, त्या टायरला किती रुंदीचं रिम चालते. रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते, ६जे, ६.५जे अशी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवलं तर ते मधात फुगते आणि मधातूनच झिजते.

अकोटचा_खटपट्या

काका, पण मालाच्या पिकअप गाडीचं? मोठ्या टायरची भार घ्यायची ताकद जास्त असते ना? माल जास्त बसते.

गॅरेज_मूर्तिजापूर

टायरची ताकद जास्त असते. पाट्यांची (स्प्रिंगच्या), धुऱ्याची, ब्रेकची नाई. कापूस जिनिंगवर नेताना टायर फुटलं नाई म्हणून पाटा तुटत नाई असं होत नाई.

चाकमोजे

काकांनी ब्रेकचा विषय काढलाच आहे तर तो पूर्ण करतो. ब्रेक धरतो ड्रमला किंवा डिस्कला, आणि ताकद रस्त्यावर उतरते टायरच्या काठाशी. काठ जितका दूर, तितकी तीच ब्रेकची पकड रस्त्यापाशी कमी पडते. तुमच्या बाबतीत चार टक्क्यांच्या आसपास. वर टायर जड, म्हणजे फिरतं चाक थांबवायला आणखी जोर. रोजच्या चालवण्यात पाय थोडा जास्त दाबला जातो, कळतही नाही. भरलेली गाडी, उतार, पाऊस असं जुळून आलं की कळतं.

इंजिनच्या बाजूनंही तोच हिशेब. मोठं टायर म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी उंच केल्यासारखं. सपाटीवर, टॉपमध्ये बरं वाटतं, इंजिन जरा निवांत फिरतं. पण उचल मंदावते, आणि चिखलातून काढताना पहिल्या गिअरची ओढ कमी होऊन क्लचवर जास्त पाय राहतो. म्हणजे ज्या चिखलासाठी टायर बदलायचं, तिथंच गाडी थोडी दुबळी होते.

टायरवर साइजनंतर आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, तेही वाचा. आकडा भाराचा: ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ९७ म्हणजे ७३० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे ताशी १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. साइज कोणताही घ्या, भाराचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. आणि तयारीची तारीख: चार आकडे एका चौकटीत, ३५२३ असेल तर २०२३ चा ३५ वा आठवडा. दुकानात पडून राहिलेला माल "नवा" म्हणून गळ्यात मारतात.

मीनल_वऱ्हाड

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकी केलं आहे, म्हणून मातीचं थोडं बोलते. सगळे टायरबद्दल बोलून राह्यले, माती कोणी विचारातच घेत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पाऊस लागला की पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी होते. मुरमाच्या किंवा रेताड जमिनीत चिखलाचा थर पातळ असतो, खाली टणक. तिथं अरुंद टायर चिखल कापून खाली टणकावर टेकतं आणि गाडी निघते. खारपाणपट्ट्यात खाली टणक थर हाताशी नाहीच, कापत जाल तर खालीच जाल. त्यामुळे रुंद टायरचा थोडा फायदा इथं तत्त्वतः आहे, भार पसरतो. पण २० मिमी रुंदीनं किती पसरणार?

खरा प्रश्न नक्षीचा आहे. रस्त्याच्या टायरच्या बारीक खाचा पहिल्या पंधरा-वीस फुटांत मातीनं भरतात. मग टायर २१५ असो की २३५, ते मातीचं गुळगुळीत लोढणं होतं. खाचा रुंद आणि ठोकळे दूर दूर असले की फिरताना माती बाहेर फेकली जाते. तेव्हा साइज तोच ठेवून नक्षी बदला, म्हणजे ऑल-टेरेन घ्या. पूर्ण चिखलाची मड-टेरेन नक्षी घेऊ नका. समृद्धीच्या काँक्रीटवर ती फार आवाज करते आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी असते.

दुसरी गोष्ट फुकटची आहे: हवा. पांदणीच्या तोंडाशी थांबून हवा कमी करा, ३० पीएसआयच्या जागी २० पर्यंत. टायर बसतं, जमिनीला लागणारा पट्टा लांब होतो. २० मिमी रुंदीपेक्षा हे कितीतरी जास्त मिळतं. पण डांबरीवर परत येताच हवा भरायची. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा. कमी हवेवर वेगानं पळवलं तर बाजूची भिंत सारखी दुमडून तापते आणि फुटते. मे महिन्यात अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तर विचारूच नका.

पांदणवाला

मीनलताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. हवा कमी करून जायचं डोक्यातच आलं नाही. आमच्याइकडे उलट, चिखलात जायचं म्हणून हवा टाइट करतात.

मीनल_वऱ्हाड

टाइट करतात कारण काटा आणि दगडाची भीती. बाभळीच्या काट्यापुढे कोणताच दाब चालत नाही. ट्युबलेसमध्ये काटा तसाच राहू द्या, घरी आल्यावर काढा.

धुऱ्यावरून

धाग्याचा विषय गाड्यांचा आहे, पण पांदणीवर बोलेरोपेक्षा ट्रॅक्टर जास्त आहेत, म्हणून ट्रॅक्टरचं घुसवतो. कोणी फोर-व्हील (म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारा) ट्रॅक्टरवाला वाचत असेल तर हे नक्की वाचा.

आमच्या शेजारच्या गावात एकानं फोर-व्हील ट्रॅक्टर घेतला. मागं १३.६-२८ (रुंदी आणि रिम, दोन्ही इंचात) होते. ओढ वाढावी म्हणून मागच्या मागं १४.९-२८ चढवले, पुढचे तसेच ठेवले. दुकानदारानं एका शब्दानं अडवलं नाही. पहिल्याच हंगामात पुढचे टायर करवतीसारखे झिजले. मग फोर-व्हीलचा दांडा निघेना, आणि शेवटी पुढच्या ड्राइव्हचं काम काढावं लागलं.

कारण असं की फोर-व्हील लावलं की पुढचं आणि मागचं चाक गिअरनं एकमेकाला बांधलं जातं. किती फेऱ्याला किती फेरे, हे कंपनीनं त्या टायरांच्या जोडीवरून ठरवलेलं असतं. पुढचं चाक मागच्यापेक्षा जरासं जास्त ओढणारं ठेवतात, एक ते पाच टक्के, म्हणजे ट्रॅक्टर पुढून ओढला जातो. १३.६ वरून १४.९ ला गेलं की मागचं चाक साधारण चार टक्क्यांनी मोठं होतं. झालं, पुढच्याची आघाडी संपली. एका जुवाला एक लांब पावलाचा आणि एक आखूड पावलाचा बैल जोडला तर जे होतं तेच. मऊ वावरात टायर घसरून भागवून नेतात. टणक रस्त्यावर घसरायला जागा नसते, म्हणून सगळा ताण गिअरवर आणि जोडाच्या दांड्यावर बसतो.

चाकमोजे

उत्तम मांडलंत. तपासायची रीत पण सांगा. पुष्कळांना वाटतं ते वर्कशॉपमध्येच होतं.

धुऱ्यावरून

घरी होते. सपाट, टणक जागा पाहा, मुरमाचं खळं चालेल. पुढच्या आणि मागच्या टायरला खडूनं एकेक उभी रेघ मारा. फोर-व्हील काढून, अगदी हळू, मागच्या चाकाचे बरोबर दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि पुढच्याचे फेरे मोजा, शेवटचा तुकडाही सोडू नका. समजा पुढच्याचे १५ झाले. आता फोर-व्हील लावून पुन्हा मागच्याचे दहा. समजा पुढच्याचे साडेपंधरा झाले. अर्धा फेरा १५ वर, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर आघाडी. ठीक आहे. दुसऱ्या वेळी आकडा पहिल्याइतकाच किंवा कमी आला तर जोडी चुकली. पाचाच्या बरंच वर गेला तरी चुकली.

हवा चारही टायरांत पुस्तकात दिल्याप्रमाणे असली पाहिजे. नाहीतर मोजमाप फसतं. एका बाजूचं टायर नवं आणि दुसऱ्या बाजूचं गोटा असलं तरी फसतं.

वैनगंगेकडून

आमच्या भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत चिखलणीला लोखंडी केजव्हील लावतात, तिथं टायरचा साइज बाजूला राहतो. पण केजव्हील लावून डांबरी रस्त्यावरून जाणारे महाभाग पण आहेत. रस्त्याची चाळण होते.

एक प्रश्न, साध्या टू-व्हील ट्रॅक्टरला मागचे मोठे टाकले तर?

धुऱ्यावरून

टू-व्हीलला पुढच्या-मागच्याचं बांधलेपण नाही, त्यामुळे गिअर मोडायचा धोका नाही. पण त्याच गिअरला, त्याच आरपीएमला ट्रॅक्टर थोडा वेगानं चालतो. पीटीओ (मागच्या अवजाराला ताकद देणारा दांडा) मात्र इंजिनच्या वेगाच्या प्रमाणातच फिरतो. म्हणून फवारणीत एकरी औषध कमी पडतं आणि रोटाव्हेटरची माती जरा जाड राहते. पेरणीयंत्राला फरक नाही, त्याचं बियाणं त्याच्या स्वतःच्या चाकावर पडतं.

आणि डवरणीला ट्रॅक्टर नेणारे असाल तर मोठं टायर विसराच. पऱ्हाटीच्या तासातून टायर निघालं पाहिजे, शेजारची ओळ निजवून नाही. डवरणीच्या छोट्या ट्रॅक्टरला अरुंद टायर असतात ते याचसाठी.

ओढ वाढवायची असेल तर आधी टायरात पाणी भरा. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला धरून तिथपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर. नवे टायर घेण्यापेक्षा स्वस्त. पाण्यानं भागलं नाही तर मग मोठ्या टायरचा विचार, आणि तोही कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जोड्यांतूनच.

स्प्लेंडरवाला_आर्णी

गरिबाच्या गाडीचं पण बोला की. मागं ८०/१०० आहे, दुकानदार ९०/९० घे म्हणते. दुधाच्या दोन कॅन लावून फिरतो.

चाकमोजे

आर्णीकर, तुमचा हिशेब सगळ्यात मजेशीर आहे. ८०/१००-१८ चा व्यास ६१७ मिमी, ९०/९०-१८ चा ६१९. फरक जवळजवळ शून्य, कारण रुंदी वाढली आणि टक्का घटला. उंचीच्या बाजूनं चिंता नाही. आणि जुन्या साध्या मोटारसायकलींत मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. मागचं टायर काहीही टाका, मीटरला पत्ता लागत नाही.

पण रिम अरुंद असतं, तेव्हा ९० च्या वर जाऊ नका. साखळी आणि मडगार्डमध्ये बोट जाईल एवढी जागा आहे का, कॅन भरलेल्या असताना पाहा. चिखलात मडगार्डमध्ये माती बसून चाक अडतं, तिथं रुंद टायर आधी अडतं.

गॅरेज_मूर्तिजापूर

आर्णीकर भाऊ, दुधाच्या गाडीले टायरपेक्षा मागच्या शॉकअपकडे पाहा. पन्नास ग्राहकांतले चाळीस त्याच्याकडे पाहतच नाहीत.

मोरणाकाठ

आरटीओचं कोणी बोललं नाही अजून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीच्या कागदात कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या प्रकरणात हेच अधोरेखित केलं. कंपनीनं त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला दिलेला साइज असेल तर सहसा कोणी हरकत घेत नाही. त्यापलीकडे गेलात तर विमा कंपनीला अपघाताच्या दाव्यात वाद घालायला जागा मिळते.

आणि गोटा टायरचं: खाच मोटारीला किमान १.६ मिमी, दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिमी हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपलं. पांदणवाले, आधी ते पाहा. "गोटा व्हायला आले" असे टायर घेऊन काँक्रीटवर शंभरनं जाऊ नका.

अकोटचा_खटपट्या

म्हणजे मोठं टायर टाकायचंच नाही का कधी? इतके कायदे, इतके टक्के. हौसेला मोल नसते राजेहो.

चाकमोजे

टाका ना. फक्त व्यास तीन टक्क्यांच्या आत ठेवा, बहुतेक ठिकाणी हाच अंगठ्याचा नियम चालतो. कंपन्या स्वतः काय करतात ते पाहा. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४, वरच्याला १८५/६५ आर१५. रुंदी वाढली, रिम एक इंच वाढलं, टक्का मात्र ८० वरून ६५ वर आणला. व्यास निघतो ६१९.६ आणि ६२१.५ मिमी. दोन मिमीसुद्धा फरक नाही! हौस अशी करायची. २१५/७५ चं २३५/७५ करताना टक्का तोच ठेवतात, तिथंच हिशेब चुकतो. १५ च्याच रिमवर २३५/७० मिळालं तर व्यास ७१० मिमी, एक टक्का फरक. मग काकांचं घासायचं आणि रिमचं दुखणं तेवढं तपासा.

पांदणवाला

ठरलं. २१५/७५ च, पण ऑल-टेरेन नक्षी. सोबत बारा व्होल्टचा पंप. टायरवाल्याला सांगितलं तर म्हणे, "पुढच्या वर्षी २३५ घ्यायले याल." पाहू. आज पांदणीत २० वर हवा करून गेलो, जुन्याच टायरवर. जिथं गेल्या पावसात धक्का मारावा लागला होता तिथून निघाली, अर्थात आत्ता माती कोरडीच आहे. खरी परीक्षा मिरगात.

अंजनगावकर

उशिरा आलो. माझ्या बोलेरोला २३५ आधीच आहेत, आधीच्या मालकानं टाकलेले. स्टेपनी मात्र जुनी २१५ चीच. मागचं चाक पंचर झालं तर लावू का?

गॅरेज_मूर्तिजापूर

मागं लावू नका. मागच्या दोन चाकांत साइजचा फरक पडला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारे गिअर) सतत फिरत राहते आणि तापते. पुढचं एक २३५ काढून मागं लावा, स्टेपनी पुढं लावा. गाडी एका बाजूला ओढन, म्हणून सावकाश जवळच्या पंचरवाल्यापर्यंतच जा. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असन तर मीटरवर दिवा लागू शकते, घाबरू नका. आणि पाचवं टायर २३५ चं घेऊन टाका एकदाचं.

अंजनगावकर

घेतो. कॅनवाल्या भाऊंनी विचारलं होतं तसं मलाही एक विचारायचं होतं, बंडीला (बैलगाडीला) जीपचे जुने टायर बसवतात, त्यात दोन्हीकडचा व्यास वेगळा असला तर?

धुऱ्यावरून

बंडीले मीटर नसते, डिफरन्शियल नसते, चाकं आपापली फिरतात. फक्त एक बाजू खाली राहते आणि जू वाकडं बसून एका बैलाच्या खांद्याला सूज येते. बैलासाठी तरी सारखे घ्या.